जुन्या सनला हात लावण्याआधी

नव्या वर्कस्टेशनचं कोटेशन पाठवलंस आणि खाली एका ओळीत विचारलंस, ‘मावशी, हे आलं की लॅबमधलं जुनं सन काढता येईल ना?’ येईलही. पण कोटेशन बघून ते कळत नाही, जुन्या मशीनसमोर बसून कळतं. बसायची तयारी असेल तर पुढचं वाच.

वेगाचा विषय आधी निकालात काढू. तुमचं अल्ट्रा ५ हे १९९८ सालचं मॉडेल. ‘स्पेक’ने सीपीयू २००० ही चाचणी काढली तेव्हा संदर्भासाठी अल्ट्रा ५/१० हेच मशीन घेतलं होतं, ३०० मेगाहर्ट्झ आणि २५६ एमबी मेमरीचं. त्याचे गुण १०० धरायचे आणि बाकीच्यांनी स्वतःला त्याच्याशी ताडून बघायचं. म्हणजे काही वर्षं जगभरचे प्रोसेसर तुमच्या कोपऱ्यातल्या त्या खोक्याच्या मापाने मोजले जात होते. आज साधा मोबाइलही त्याच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा नवं जास्त वेगवान आहे का, हा प्रश्नच नाही. काम वेगावर अडलं असतं तर ते मशीन केव्हाच भंगारात गेलं असतं. ते अजून चालू आहे, म्हणजे त्याच्यावर कुणाचं तरी काहीतरी टेकलेलं आहे. जुन्या वाड्यातली भिंत पाडताना गवंडी आधी वर बघतो, तुळई कुठे टेकली आहे ते. तुलाही तेच बघायचंय.

आणि बघून होईपर्यंत मशीन बंद करू नकोस. हे मी ठळक अक्षरात लिहिलंय असं समज. वर्षानुवर्षं अखंड फिरत आलेली डिस्क थंड झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. साफसफाईसाठी, रंगकामासाठी, नाहीतर ‘जरा जागा बदलू’ म्हणून बंद केलेली मशीन्स परत न उठलेली मी पाहिली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच खाली ओढणारा शिपाई हा या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याला दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आजच एक कागद लिहून स्विचवर चिकटव. मराठीत लिही.

कीबोर्डची वायरही उपटू नकोस. यूएसबीच्या आधीच्या सन मशीनवर चालू असताना कीबोर्ड काढला तर मशीन त्याला ‘ब्रेक’ समजतं, सगळं काम जागच्या जागी थांबवतं आणि पडद्यावर नुसता ‘ओके’ उभा राहतो. नवखा माणूस घाबरून पॉवर बंद करतो आणि मग खरं नुकसान होतं. तसं झालंच तर ‘गो’ टाइप कर, मशीन जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. सीरियल पोर्टवरून टर्मिनल जोडलेलं असेल तर ते बंद-चालू करतानाही हाच प्रकार होऊ शकतो.

आता वही काढ. हो, वहीच, कारण ज्याची माहिती लिहायची ते मशीन बंद पडलं तर त्याच्यावरची फाइल तुला कोण दाखवणार? रूटने आत जाऊन ‘होस्टआयडी’ चालव आणि येणारे आठ आकडे-अक्षरं उतरवून घे. ‘आयएफकॉन्फिग’मधून इथरनेटचा पत्ता घे, सनचा असेल तर बहुधा ०८:००:२० ने सुरू होईल. ‘ईप्रॉम’ चालवून बूट कुठून होतं ते लिही. डिस्कचे भाग, माउंट होणाऱ्या फाइल सिस्टिम, बसवलेली पॅकेजेस, पॅच, चालू प्रोसेस, उघडे पोर्ट, सगळं छापून घे. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब वेगळा बघ, फक्त रूटचा नाही. हा अर्ध्या दिवसाचा कंटाळा आहे. तो टाळणाऱ्यांना पुढे महिनाभर पुरातत्त्व खात्याचं काम करावं लागतं.

होस्टआयडीवर एवढा जोर का देतेय ते सांगते. सनच्या मदरबोर्डवर एक एनव्हीरॅम चिप असते, अल्ट्रा ५ मध्ये एम४८टी५९ नावाची. घड्याळ, बूटची सेटिंग्ज, होस्टआयडी आणि इथरनेट पत्ता सगळं त्या चिपमध्ये, आणि ते जपणारी बॅटरी तिच्या प्लॅस्टिकच्या कवचातच बंद केलेली. साधारण दहा वर्षं टिकावी अशी ती बॅटरी. तुमचं मशीन कधीचं आहे याचा हिशेब तूच कर. मशीनला वीज मिळते आहे तोवर बॅटरी मेली तरी पत्ता लागत नाही. एकदा बंद करून चालू केलंस की पडद्यावर येतं, आयडीप्रॉममधली माहिती अवैध आहे. इथरनेटचा पत्ता सगळे एफ-एफ दाखवतो, तारीख भलतीच होते आणि मशीन डिस्क सोडून नेटवर्कवरून उठायची वाट बघत बसतं. बघणाऱ्याला वाटतं मशीन गेलं. मशीन ठणठणीत असतं, फक्त आपलं नाव विसरलेलं असतं.

उपाय सोपा आहे. त्याच नंबरची नवी चिप बसवायची आणि ‘ओके’ समोर एकेक बाइट भरून ओळख परत द्यायची. होस्टआयडीतले पहिले दोन अंक मशीनचा प्रकार सांगतात, अल्ट्रा घराण्याला ८०. उरलेले सहा बहुधा इथरनेट पत्त्याच्या शेवटच्या सहांशी जुळतात. पण हे अंक आधी वहीत असले तरच! बाजारात नव्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चिपा जुन्या साठ्यातल्या असतात, तेव्हा निर्मितीची तारीख बघून घे. काही हौशी लोक जुनी चिप वरून कोरून बाहेर छोटा सेल जोडतात. हात स्थिर असेल तर चालतं, पण माझं मत विचारशील तर ते पहिल्यांदाच तुमच्या एकुलत्या एक मशीनवर करून बघायचं काम नाही.

ही ओळख इतकी महत्त्वाची, कारण त्या काळची महागडी सॉफ्टवेअरं होस्टआयडी बघून चालत. लायसन्सच्या फाइलमध्ये तोच आठ अंकांचा आकडा कोरलेला. मदरबोर्ड बदलायला इंजिनियर आला की जुन्या बोर्डवरची ती चिप काढून नव्या बोर्डवर बसवायचा, म्हणजे लायसन्स हलायचं नाही. आता तुमच्या विश्लेषणाच्या पॅकेजची लायसन्स फाइल उघडून बघ. त्यात तुमचा होस्टआयडी असेल तर आजच त्या कंपनीला ईमेल कर: नव्या मशीनसाठी लायसन्स देता का, लिनक्सची आवृत्ती आहे का, किती पैसे? कंपनी असेल तर उत्तर येईल. विकली गेली असेल तर सहा पत्त्यांवर फिरून येईल. मुळात राहिलीच नसेल, तर तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. होस्टआयडीची नक्कल करणारे उपाय इंटरनेटवर सापडतील. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लॅबमध्ये लेखी परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस.

दुसरी तुळई दिसत नाही, पण सगळ्यात जास्त माणसं तिच्यावरच आपटतात. सनचा स्पार्क प्रोसेसर आणि नव्या वर्कस्टेशनमधला इंटेल किंवा एएमडी, दोघं अंक उलट क्रमाने साठवतात. चार बाइटचा आकडा लिहायचा तर स्पार्क मोठ्या टोकापासून सुरुवात करतो, इंटेल लहान टोकापासून. साध्या टेक्स्ट फाइलला याचं काही नाही. पण तुमच्या सरांनी पंचवीस वर्षं फोरट्रानमध्ये जी बायनरी फाइल लिहून ठेवली आहे ती नव्या मशीनवर उघडलीस, तर एक तर ‘रेकॉर्ड फार मोठं’ अशी तक्रार येईल, नाहीतर तापमानाच्या जागी दहाच्या तिसाव्या घातातले आकडे. हे बरं, कारण चूक डोळ्यांत भरते. वाईट ते, जिथे मधल्याच एका मथळ्याचे बाइट उलटतात, बाकी सगळं बरोबर दिसतं आणि आलेख किंचित चुकीचा निघतो.

औषध आहे. जीफोरट्रानला कंपाइल करताना ‘कन्व्हर्ट’ पर्यायात मोठं टोक सांगता येतं, किंवा फाइल उघडण्याच्या ओळीतच ते लिहिता येतं. सी-मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम असेल तर मात्र ओळ न् ओळ वाचावी लागेल, कारण अख्खं स्ट्रक्चर फाइलमध्ये ओतायची सवय त्या काळी सगळ्यांनाच होती. आपला खगोलवाल्यांचा फिट्स साचा बघ, त्यात बाइटचा क्रम नियमानेच ठरवून दिलेला. म्हणून सनवर लिहिलेली फिट्स फाइल आजच्या लॅपटॉपवर निमूटपणे उघडते. साचा ठरवणाऱ्यांनी १९८१च्या सुमाराला थोडा विचार केला, त्याचं व्याज अजून मिळतंय.

बाइट जुळले म्हणजे उत्तरं जुळली असं नाही. दशांशाचं गणित स्पार्क ६४ बिटांत करतो. जुन्या पद्धतीने कंपाइल केलेला इंटेलचा प्रोग्रॅम मधले आकडे ८० बिटांत धरून ठेवू शकतो, त्यामुळे शेवटचे अंक वेगळे येतात. बहुतेक कामांत फरक पडत नाही. पण जिथे हजारो फेऱ्यांनंतर उत्तर स्थिरावतं तिथे त्या शेवटच्या अंकांनी फेऱ्यांची संख्याच बदलते. तेव्हा तुलना करताना ‘हुबेहूब सारखं आलं का’ असं विचारू नकोस. ‘कितपत फरक चालेल’ हे सरांकडून आधी लिहून घे आणि मग तपास. उलट क्रमाने केलंस तर आलेला फरक कितीही असो, तो चालतोच असं सगळ्यांना वाटू लागतं.

आता मशीनच्या मागे जा. टॉर्च ने. किती वायरी बाहेर निघतात आणि त्या कुठे जातात? अल्ट्रा ५ ला मागे २५ पिनांचा एक आणि ९ पिनांचा एक असे दोन सीरियल पोर्ट आहेत, आणि तुमचा स्पेक्ट्रोमीटर त्यातल्या एकावर बोलतो असं तू मागे म्हणाला होतास. नव्या वर्कस्टेशनला सीरियल पोर्ट नसेल. यूएसबीचा कन्व्हर्टर पाचसातशेत मिळतो आणि दहातल्या आठ उपकरणांना तो चालतो. उरलेल्या दोघांना चालत नाही, कारण त्यांना ब्रेकचा इशारा किंवा हँडशेकच्या रेषा अगदी वेळेवर लागतात आणि कन्व्हर्टर मध्ये थोडा रेंगाळतो. तुमचं उपकरण आठांतलं की दोघांतलं, हे कोटेशनवर सही करण्याआधी कळायला हवं. कुणाचा तरी लॅपटॉप आणि कन्व्हर्टर घेऊन एक दुपार घालव.

कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. शेजारच्या विभागातलं स्पार्कस्टेशन २० तू पाहिलंयस, त्यात उपकरणाचं कार्ड एसबसवर आहे. एसबस ही सनची स्वतःची पद्धत. टेबलावरच्या मशीनपुरती ती अल्ट्रा १ आणि अल्ट्रा २ पर्यंतच आली. अल्ट्रा ५ पासून सगळं पीसीआय. म्हणजे ते कार्ड ठेवायचं तर त्यांना ‘नवं’ मशीन म्हणून जास्तीत जास्त अल्ट्रा २ घेता येईल, तेही नव्वदच्या दशकातलंच! ड्रायव्हरचाही पेच आहे. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या कर्नलमध्ये चढत नाही, आणि स्पार्कवर सनच्या सोलारिस १० या ऑपरेटिंग सिस्टिमला ६४ बिटांचाच कर्नल आहे. कार्डाची कंपनी नवा ड्रायव्हर देणार नसेल तर सोलारिस ९ च्या पुढे जाता येणार नाही. त्या विभागाच्या प्रमुखांना मी सरळ सांगितलं असतं की उपकरण बदलायचा प्रस्ताव करा, नाहीतर मशीनला हात लावू नका. मधला रस्ता नाही.

तुला मात्र रस्ते आहेत, तीन. पहिला, त्याच घराण्यातलं धाकटं भावंड. सनने २००६ मध्ये अल्ट्रा २५ आणि अल्ट्रा ४५ काढली, ती तिची शेवटची स्पार्क वर्कस्टेशन्स. (सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला पुण्यात जन्मलेले, हे तुझ्या सरांना सांग, कधीकधी अशा माहितीने फाइल हलते.) २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली. जुन्या बाजारात मिळणाऱ्या या मशीनवर सोलारिस १० चालतं आणि त्यात एक झकास सोय आहे. सोलारिस ८ किंवा ९ चं अख्खं मशीन उचलून कंटेनरमध्ये ठेवता येतं आणि आतल्या प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच घरात आहोत. बायनरी तीच, बाइटक्रम तोच. पण आयुष्य मोजकं आहे: सोलारिस १० चा वाढीव आधारही जानेवारी २०२७ पर्यंतचा, आणि सोलारिस ११ या जुन्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर चढतच नाही. म्हणजे हा रस्ता तुला काही वर्षं देतो, सुटका देत नाही.

दुसरा रस्ता नकली सन. क्यूईएमयू फुकट आहे आणि स्पार्कस्टेशन ५ किंवा २० ची नक्कल बऱ्यापैकी करतं. अल्ट्राच्या बाबतीत ते अजून कच्चं, तुमच्या रोजच्या कामाला मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. विकत मिळणारे इम्युलेटर आहेत, चॅरॉन त्यातलं जुनं नाव, ते कारखान्यांत आणि बँकांत वापरतात. त्याची किंमत विचारलीस तर सर खुर्चीत सरळ बसतील. पण जिथे सोर्स कोड हरवलाय आणि बाहेर कुठलंही विचित्र कार्ड जोडलेलं नाही, तिथे हाच सगळ्यात कमी त्रासाचा उपाय आहे.

तिसरा म्हणजे लिनक्सवर जाणं. सोर्स कोड हातात असेल तर मी हाच निवडीन, एक वर्ष लागलं तरी. विंडो-मेनूवाला प्रोग्रॅम मोटिफमध्ये लिहिला असेल तर नशीब चांगलं, मोटिफ २०१२ मध्ये मुक्त झालं आणि लिनक्सवर कंपाइल होतं. त्याहून जुन्या एक्सव्ह्यूमध्ये असेल तर पडद्याचा भाग नव्याने लिहायचा हे धरूनच चाल. कंपाइलर बदलला की इशाऱ्यांचा पाऊस पडेल. तो वाच. सनचा कंपाइलर बरंच काही खपवून घ्यायचा, जीसीसी बोलून दाखवतो, आणि त्यातल्या काही तक्रारी पंचवीस वर्षं लपलेल्या खऱ्या चुका असतात.

आणि हे सगळं ठरेपर्यंतची सोय विसरू नकोस. जुनं सन आत राहू दे, त्याचा मॉनिटर तेवढा काढ. तो जड काचेचा मॉनिटर सगळ्यात आधी मरणार. एक्स विंडो मुळातच दुसऱ्या मशीनवर चित्र दाखवण्यासाठी घडलेली. प्रोग्रॅम सनवर चालव, खिडकी नव्या पीसीवर उघड. प्रोग्रॅम ‘रंग मिळाले नाहीत’ म्हणून रुसला तर समज की त्याला २५६ रंगांचा जुना ८ बिटी पडदा हवाय. नव्या पीसीवर तसा पडदा वेगळ्या एक्स सर्व्हरमध्ये उभा करता येतो. मशीनशी थेट बोलायचं असेल तर कीबोर्ड न जोडता सुरू कर, ते आपोआप पहिल्या सीरियल पोर्टला कन्सोल मानतं, ९६०० च्या गतीने. पण हे बॅकअप झाल्यावर, कारण त्यासाठी ते बंद करावं लागेल.

बॅकअप कसा घ्यायचा ते विचारशीलच. मशीन चालू असतानाच ‘यूएफएसडम्प’ने प्रत्येक फाइल सिस्टिम दुसऱ्या मशीनवर उतरव, शक्यतो रात्री, लोक गेल्यावर. तुमच्या सोलारिस ८ मध्ये एसएसएच जन्मतः नाही, ते ९ पासून आलं. कुणी नंतर बसवलं असेल तरी आजचं लिनक्स त्याच्या जुन्या किल्ल्या नाकारेल. भांडत बसू नकोस, एनएफएसची ३ नंबरची आवृत्ती वापर, ती दोघांना कळते. दोन मशीन, मध्ये एक स्विच, कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडलेला. मग जमेल तेव्हा मशीन बंद करून डिस्क बाहेर काढ आणि लिनक्सवर तिची बिट न् बिट प्रतिमा घे. सनची यूएफएस लिनक्सला वाचण्यापुरती माउंट करता येते, प्रकार ‘सन’ सांगितला की. अल्ट्रा ५ ची डिस्क आयडीई, त्यामुळे तुला स्वस्तात अडॅप्टर मिळेल. नवी बसवताना १३७ जीबीच्या वरची घेऊ नकोस, त्याच्यापुढचं त्याला दिसत नाही. स्कझी डिस्कवाल्यांसाठी आता मेमरी कार्डावर चालणाऱ्या नकली डिस्क मिळतात आणि त्या चांगल्या आहेत. बॅकअप परत उतरवून बघितल्याशिवाय ‘घेतला’ म्हणू नकोस. हे तुला माहीत आहे, तरी म्हटलं.

माणसांचा भाग राहिला. तुमच्या मशीनचं ‘सन ०३’ हे नाव किंवा त्याचा आयपी पत्ता कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलेला असणार. प्रिंटरची रांग तिथून जात असेल, जुनी एनआयएसची यादी तिथेच असेल, एखाद्या सॅम्पलचे निकाल एफटीपीने उचलून नेणारा दुसऱ्या इमारतीतला पीसी असेल. कुणाला विचारलंस तर सगळे म्हणतील आम्ही ते वापरत नाही. एक महिना उघड्या जोडण्यांची नोंद ठेव, मग खरं कळेल. निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांचा नंबर ऑफिसातून घे आणि घरी जाऊन बस. फोनवर ते ‘काही नाही रे, साधं आहे’ म्हणतील. चहा झाल्यावर आठवतं की दर १ एप्रिलला हाताने एक फाइल बदलावी लागते.

त्या १ एप्रिलसाठीच मी म्हणते की दोन्ही मशीन्स एक आर्थिक वर्ष शेजारी शेजारी चालव. रोजचं काम पहिल्या आठवड्यात जुळतं. महिनाअखेरीचं दोनतीन महिन्यांत. वर्षातून एकदा जागं होणारं क्रॉनचं काम मात्र ३१ मार्चपर्यंत झोपलेलं असतं, आणि तेच नेमकं अनुदानाच्या अहवालाचं असतं. सर म्हणतील दोन मशीनचं वीजबिल कशाला. एसीचा आणि यूपीएसचा हिशेब मांडून दाखव, आकडा छोटा निघेल. त्या वर्षात नव्यावरचं उत्तर अधिकृत धरायचं की जुन्यावरचं, हे लेखी ठरवून घे. दोन्ही अधिकृत असली की कुठलंच नसतं.

हे सगळं करूनही नाही जमलं, तर? तर जुनं ठेव, लाजू नकोस. पण ठेवायचं तर नीट ठेव. कॉलेजच्या नेटवर्कवरून काढ. टेलनेट आणि आरएसएच उघडी असलेलं मशीन इंटरनेटच्या आसपासही असता कामा नये. तशाच मॉडेलचं एक बंद मशीन सुट्या भागांसाठी घेऊन ठेव, दुसऱ्या विभागाच्या डेड स्टॉकमध्ये शोध, बहुतेक तिथेच धूळ खात असेल. पावसाळ्यात दमट हवेत ते पेटीबंद न ठेवता अधूनमधून तासभर चालव. आणि प्रमुखांना एक तारीख लेखी दे. माझ्या मते जास्तीत जास्त १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या क्षणाला ३२ बिटांतली युनिक्सची वेळ भरते आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये जाऊन पडतं. कुठल्याही जुन्या सनचा मुक्काम त्यापुढे नेऊ नकोस.

तुझ्या बाबतीत मला विचारशील तर उत्तर असं: कोटेशनवर सही कर, पण लिनक्सचं मशीन घे आणि त्यात सीरियल पोर्टचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड आत्ताच घालायला सांग, नंतर सांगितलंस तर वेगळी खरेदी प्रक्रिया लागेल. जुनं सन पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालू ठेव. मग ते डेड स्टॉकमधून काढायचा अर्ज देशील तेव्हा अर्जातच लिही की हार्ड डिस्क आणि एनव्हीरॅम चिप काढून विभागात ठेवली आहे. नाहीतर ऑडिटवाले येतील तेव्हा मशीनचं वजन आणि कागद जुळणार नाहीत. डिस्क पुसल्याशिवाय ई-कचऱ्याच्या गाडीत काहीही चढवू नकोस, आणि पावती घे.